तेलाचा एक थेंब आणि दुरुस्तीचे अर्थकारण



रात्रभर उभी असलेली मोटार सकाळी पुढे काढावी आणि तिच्या जागी काळ्या तेलाचा डाग दिसावा, हा अनुभव शहरातील असंख्य वाहनधारकांच्या परिचयाचा आहे. बहुतेक जण त्या डागाकडे पाहून पुढे जातात. महिन्याकाठी इंजिनातील तेलाची पट्टी ओढून पाहिली आणि पातळी खाली गेलेली आढळली, की पाव लिटर तेल वरून ओतले जाते व गाडी पुन्हा रस्त्यावर येते. या वर्तनात वरकरणी अतार्किक असे काहीच नाही. पाव लिटर तेलाची किंमत कमी आहे. गॅरेजमध्ये अर्धा दिवस घालवणे महाग आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर गाडीमालकाने आपला खासगी खर्च आणि खासगी लाभ यांचा हिशेब बरोबर मांडलेला असतो. तो ज्यांचा हिशेब मांडत नाही ते मात्र त्या थेंबाच्या वाटेवर उभे असतात. गॅरेजमधील कारागीर, रस्त्याकडेचे गटार, त्या गटाराच्या टोकाचा तलाव आणि विहिरीचे वा कूपनलिकेचे पाणी वापरणारे कुटुंब ही ती मंडळी होत.

हा थेंब बहुधा जेथून पडतो ती जागा फारच साधी आहे. इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारे एक भांडे असते. आपले मेकॅनिक त्याला ‘चेंबर’ म्हणतात. जुने तेल काढून टाकण्यासाठी त्याच्या तळाला एक भोक असते आणि त्या भोकात एक बोल्ट बसवलेला असतो. हाच ड्रेन बोल्ट. बोल्ट आणि चेंबर यांच्यामध्ये तांब्याची, ॲल्युमिनियमची किंवा तत्सम मऊ पदार्थाची एक चकती असते. कागदोपत्री ती ‘वॉशर’, गॅरेजमध्ये ‘वायसर’. संपूर्ण मोटारीच्या सुट्या भागांच्या यादीत तिच्याइतके स्वस्त भाग मोजकेच सापडतील.

थेंबाचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. तेलाचे साधारणपणे वीस थेंब मिळून एक मिलिलिटर होतो असे धरू. दर दहा मिनिटांना एक थेंब, म्हणजे दिवसाला १४४ थेंब, म्हणजे सुमारे ७ मिलिलिटर. वर्षाला हे प्रमाण अडीच लिटरच्या पुढे जाते. लहान मोटारीच्या इंजिनात एकूण तेलच तीन ते चार लिटर असते. म्हणजे गाडीमालकाच्या नकळत वर्षभरात इंजिनातील निम्म्याहून अधिक तेल रस्त्यावर गेलेले असते. बंगळूर शहरात नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या आता १ कोटीहून अधिक आहे व त्यांत दुचाकींचा वाटा सर्वांत मोठा आहे. उदाहरणादाखल यांपैकी हजारात एक वाहन या गतीने गळते असे मानले, तरी वर्षाला २५ हजार लिटर तेल जमिनीवर पडते. दोन मोठे टँकर भरतील एवढे हे तेल कोणीही विकत नाही, कोणीही उचलत नाही. टँकर उलटला असता तर अग्निशमन दल धावले असते. थेंबाने गळते म्हणून कोणी धावत नाही.

बंगळूरचे उदाहरण का?

बंगळूरची ओळख आज संगणकाशी जोडली जात असली, तरी या नगराची मूळ घडण लोखंडी आहे. मराठी वाचकाला त्यात आपलेही धागे सापडतील. किर्लोस्कर घराण्याची विजेच्या यंत्रांची कंपनी १९४६ मध्ये बंगळूरला उभी राहिली. मोटार इंधनयंत्रणेचे भाग बनवणारी मायको १९५१ मध्ये, तर सार्वजनिक क्षेत्रातील हिंदुस्थान मशीन टूल्स १९५३ मध्ये आली. १९९९ च्या अखेरीस शहराजवळच्या बिडदी येथे टोयोटा किर्लोस्करच्या कारखान्यातून मोटारी बाहेर पडू लागल्या. या मोठ्या कारखान्यांच्या सावलीत पीण्याची औद्योगिक वसाहत वाढली, आणि त्यापलीकडे, कोणत्याही नियोजनाशिवाय, दुरुस्तीचे एक विस्तीर्ण जग उभे राहिले. जे. सी. रोडवरील सुट्या भागांची दुकाने, कलासिपाळ्यमच्या बसथांब्याभोवतीची गॅरेजे, शिवाजीनगरचा जुन्या गाड्या सोडवणारा गुजरी बाजार, ही त्याची ठळक ठिकाणे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगराची किंवा बेळगावच्या उद्यमबागेची घडण जाणणाऱ्याला हे चित्र नवे वाटणार नाही. दुरुस्ती करता करता निर्मितीकडे वळणे ही आपल्याकडील लघुउद्योगांची जुनी वाट आहे.

आपल्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात मात्र मोटारदुरुस्तीला कारखानदारीत स्थान नाही. २००८ च्या वर्गीकरणानुसार ती घाऊक व किरकोळ व्यापाराच्या विभागात मोडते. हाताने आटे पाडणारा कारागीर आणि साबणाच्या वड्या विकणारा दुकानदार आकडेवारीच्या एकाच कप्प्यात बसतात! ही केवळ संख्याशास्त्रीय गैरसोय नव्हे. ज्या कामाची गणना व्यापारात होते, त्याला कारखान्याचे प्रशिक्षण, कारखान्याची सुरक्षितता आणि कारखान्याचा कर्ज-आराखडा मिळण्यास अडचण होते.

राष्ट्रीय लेख्यांतील आणखी एक विसंगती येथे लक्षात घ्यावयास हवी. गळणाऱ्या गाडीत मालक जेव्हा वारंवार तेल ओततो, तेव्हा त्या प्रत्येक डब्याची नोंद खासगी उपभोग खर्चात होते आणि सकल देशांतर्गत उत्पन्नाचा आकडा तेवढा फुगतो. शेजारच्या ओळखीच्या मेकॅनिकने ‘राहू द्या साहेब’ म्हणत विनामूल्य वायसर बदलून दिली, तर गळती थांबते, तेल वाचते आणि उत्पन्नाचा आकडा घटतो. कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक भाग आयात करणाऱ्या देशाला हा हिशेब शोभणारा नाही. तेल-संवर्धनाचे काम करणारी पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्था १९७८ पासून वाहनांच्या योग्य देखभालीचा प्रचार करीत आली आहे. पण तिचा भर स्वाभाविकपणे जळणाऱ्या इंधनावर राहिला, गळणाऱ्या वंगणावर फारसा नाही.

वायसरचे कार्य आणि गळतीचे निदान

ही दुरुस्ती नेमकी काय असते हे पाहिल्याशिवाय तिच्या अर्थकारणाविषयी बोलणे पोकळ ठरेल.

धातूचे दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले, तरी सूक्ष्म पातळीवर ते ओबडधोबडच असतात. बोल्ट आवळला जातो तेव्हा मधली मऊ वायसर दबते आणि त्या सूक्ष्म खाचा भरून काढते. तिचे काम दबण्याचेच आहे, आणि एकदा दबली की ती पूर्वीइतकी दबत नाही. तांबे तर दाबाखाली कठीण होत जाते. म्हणून दर वेळी तेल बदलताना वायसर नवी टाकावी असा वाहन उत्पादकांचा सर्वसाधारण आग्रह असतो. जुने कारागीर याला एक तोड जाणतात. तांब्याची जुनी वायसर ज्योतीवर लालसर होईपर्यंत तापवून निववली, की ती पुन्हा मऊ होते. धातुशास्त्राच्या दृष्टीने ही कृती अगदी शुद्ध आहे. तिला महाविद्यालयात ‘ॲनीलिंग’ म्हणतात आणि तेथे ती परीक्षेत विचारली जाते. कलासिपाळ्यममध्ये ती गॅसच्या शेगडीवर होते.

गळतीची कारणे अनेक असली, तरी त्यांचा मोठा भाग हाताच्या चुकीतून येतो. पहिली वायसर चेंबरला चिकटून राहिली असताना तिच्यावर दुसरी चढवणे, बोल्टच्या तोंडाशी वाळूचा कण राहणे, बोल्ट तिरका लावून आटे खराब करणे आणि सर्वांत घातक म्हणजे अतिरेकी आवळणे. गळू नये म्हणून लांब पाना लावून, त्यावर पाइप चढवून बोल्ट पिळला जातो. बोल्ट पोलादाचा आणि चेंबर पुष्कळदा ॲल्युमिनियमचे. या झुंजीत चेंबरचे आटे जातात. गळती थांबवण्याच्या भीतीतून गळतीच निर्माण होते. अनेक लहान मोटारींना या बोल्टसाठी ३० ते ४० न्यूटन-मीटर एवढाच पीळ पुरतो. नेमका आकडा त्या त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. तो मोजणारा टॉर्क पाना मात्र फार थोड्या लहान गॅरेजांत आढळतो.

निदानाची पायरी अधिक नाजूक आहे. ड्रेन बोल्ट हा इंजिनाचा सर्वांत खालचा बिंदू असल्यामुळे वरून कोठूनही गळलेले तेल वाहत येऊन तेथेच लोंबते. ऑइल फिल्टरचे रबर, वरच्या झाकणाचे पॅकिंग, क्रँकशाफ्टचे सील यांपैकी कोणीही दोषी असला तरी आळ ड्रेन बोल्टवर येतो. चांगला मेकॅनिक यासाठी प्रथम तळ स्वच्छ पुसतो, कोरडा करतो, प्रसंगी त्यावर थोडी पावडर मारतो, खाली वर्तमानपत्र पसरतो आणि इंजिन काही वेळ चालवून वाट पाहतो. थेंबाचा रंगही साक्ष देतो. पारदर्शक पाणी वातानुकूलन यंत्राचे, हिरवे वा गुलाबी पाणी रेडिएटरचे, तांबडट तेल बहुधा स्टिअरिंगचे वा गिअरबॉक्सचे आणि तपकिरी-काळे इंजिनाचे. या वीस मिनिटांच्या प्रतीक्षेचे पैसे ग्राहक देत नाही. तो पैसे देतो पाना फिरवण्याचे. म्हणून निदान टाळले जाते आणि पाना फिरतो.

निदान झाल्यावर उपाय सोपा आहे. गाडी सपाट जागी घ्यावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये, घोडी लावावी. इंजिन कोमट असावे, तापलेले नव्हे. तेल स्वच्छ ताटलीत काढावे, बोल्टची बैठक पुसावी, नवी वायसर घालावी, बोल्ट आधी बोटांनीच पूर्ण फिरवावा आणि मग ठरलेल्या पिळाने आवळावा. तेल भरून, इंजिन चालवून पुन्हा पाहावे. आटे किंचितच गेले असतील तर नवे आटे पाडून आत पोलादी तारेची सर्पिल गुंडाळी बसवता येते. थोडा मोठा बोल्ट जबरीने बसवणे हा तात्पुरता मार्ग आहे. टेफ्लॉनची पट्टी गुंडाळणे किंवा बाहेरून लांबीसारखा लगदा थापणे हा उपायच नव्हे, कारण पुढच्या वेळी तेल बदलताना तो फोडावाच लागतो. चेंबर चिरले असेल तर ते बदलणे किंवा जाणकाराकडून वेल्डिंग करून घेणे एवढेच हाती उरते. वायसर काही रुपयांत मिळते आणि चेंबरची किंमत हजारांत जाते. या दोन आकड्यांमधील अंतर हीच दुर्लक्षाची किंमत होय.

बोल्टऐवजी छोटा व्हॉल्व्ह बसवण्याची पद्धतही आहे. अवजड वाहने आणि जनरेटर संच यांवर ती विशेष दिसते. बंगळूरच्या अनेक निवासी संकुलांच्या तळघरांत असे जनरेटर उभे आहेत. कळ फिरवली की तेल खाली येते, बोल्ट काढावाच लागत नाही, त्यामुळे आटे झिजत नाहीत. परंतु व्हॉल्व्ह गळू लागला तर दोष दोन ठिकाणी असू शकतो. तो जेथे चेंबरला बसतो तेथील वायसर पहिली, आणि आतील गोळीभोवतीचे सील दुसरे. पहिला दोष बोल्टसारखाच दूर होतो. दुसऱ्यात गोळीच्या बैठकीत अडकलेला कचरा स्वच्छ तेलाने धुऊन पाहावा. रबर कडक झाले असेल तर व्हॉल्व्ह बदलणेच श्रेयस्कर. गतिरोधकांनी भरलेल्या आपल्या रस्त्यांवर बुटक्या मोटारीच्या तळाशी लोंबणारी कळ दगडाला लागून उघडू नये म्हणून तिला अडकणही हवे. महिन्यातून अनेकदा तेल काढणाऱ्या ताफ्याला व्हॉल्व्ह परवडतो. वर्षातून एकदा तेल बदलणाऱ्या कुटुंबाला साधा बोल्ट आणि नवी वायसर पुरेशी आहे.

ग्राहक आणि कारागीर

मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये एका विशिष्ट प्रकारच्या वस्तू व सेवांकडे लक्ष वेधले. त्यांची गुणवत्ता ग्राहकाला खरेदीपूर्वी तर नाहीच, पण खरेदीनंतरही सहज पडताळता येत नाही. त्यांचे प्रमुख उदाहरण दुरुस्तीचेच होते. वायसर नवी टाकली की जुनीच उलटून लावली, हे गाडीखाली न गेलेल्या मालकाला कधीच कळत नाही. तेल बदलण्याचे देयक दोन्ही वेळा सारखेच असते. अशा बाजारात प्रामाणिक कारागिराला त्याच्या प्रामाणिकपणाची किंमत मिळत नाही, आणि कालांतराने त्यालाही नवी वायसर ठेवण्याचे कारण उरत नाही. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी मांडलेला सिद्धांत याच्याच जवळचा आहे. त्यांना २००१ मध्ये नोबेल पुरस्कार मिळाला.

यावर आपल्या बाजाराने स्वतःच एक व्यवस्था शोधली आहे. काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हाती देण्याची ती प्रथा. तेलकट कागदात गुंडाळलेला तो भाग ग्राहक घरी नेऊन टाकूनच देतो. पण तो पुरावा असतो. वायसरच्या बाबतीत ही प्रथा पाळली जात नाही, कारण ती फार क्षुल्लक वाटते. देयकात वायसर स्वतंत्र ओळीत लिहिणे आणि जुनी चकती परत करणे, एवढ्या खर्चहीन सुधारणेने पुष्कळ फरक पडू शकेल.

दुसरी अडचण सुट्या भागांच्या आणि माहितीच्या उपलब्धतेची आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांविरुद्ध दिलेल्या आदेशात, मूळ सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना खुल्या बाजारात मिळू न देण्याच्या पद्धतीवर ठपका ठेवला आणि अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. कंपन्यांनी त्याला आव्हान दिले व प्रकरण पुढील न्यायपीठांकडे गेले. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काविषयी समिती नेमली. तिच्या कक्षेत शेतीची अवजारे, भ्रमणध्वनी व इलेक्ट्रॉनिक वस्तू आणि गृहोपयोगी उपकरणे यांच्याबरोबर मोटारींचाही समावेश झाला. आटे कोणत्या मापाचे, पीळ किती, वायसर कोणत्या धातूची, एवढी माहिती प्रत्येक गाडीबाबत कन्नड, मराठी, तमिळ अशा भाषांत मोफत उपलब्ध होणे हा त्या हक्काचा सर्वांत स्वस्त भाग आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराच्या पुनर्रचनेत मोटारींच्या सर्व सुट्या भागांवर १८ टक्के असा एकच दर आला, ही त्या दिशेने पूरक बाब म्हणता येईल.

कारागिराच्या कौशल्याचा प्रश्न याहून खोल आहे. शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना १९५० पासून सुरू आहे आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. बिडदी येथे टोयोटाची तंत्रप्रशिक्षण संस्था २००७ पासून ग्रामीण मुलांना घेऊन चालते. परंतु जे. सी. रोडमागच्या गल्लीत काम करणारा मुलगा यांपैकी कोठेच गेलेला नसतो. तो उस्तादाच्या हाताखाली शिकतो, पाने पुसतो, आणि पहिले स्वतंत्र काम म्हणून त्याला नेमके तेल बदलणेच मिळते, कारण ते सोपे समजले जाते. अमेरिकेचे चॅलेंजर अवकाशयान २८ जानेवारी १९८६ रोजी एका रबरी सीलच्या अपयशामुळे नष्ट होऊन सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. त्या सीलवरूनच मायकेल क्रेमर यांनी १९९३ मध्ये आपल्या विकासविषयक सिद्धांताला ‘ओ-रिंग’ हे नाव दिले. उत्पादनाच्या साखळीतील कामांची गुणवत्ता बेरजेने नव्हे तर गुणाकाराने एकत्र येते, असे तो सांगतो. एक कडी शून्य झाली की सारे शून्य. अभिजित बॅनर्जी व एस्थर डुफ्लो यांच्यासह २०१९ चे नोबेल मिळवणाऱ्या या अर्थतज्ज्ञाचा सिद्धांत गॅरेजला लावला, तर सर्वांत नवशिक्या हातात दिलेले काम सर्वांत सोपे आहे हा समज तपासून घ्यावा लागतो. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून पूर्वज्ञानाला मान्यता देण्याची सोय आहे. तिचा उपयोग प्रमाणपत्रे वाटण्यापुरता न राहता, टॉर्क पाना हातात देऊन ‘हाताला लागलेला’ पीळ मोजून दाखवण्यासाठी झाला पाहिजे. अनुभवी उस्तादाचा हात बहुधा बरोबर निघतो. तो बरोबर का आहे, हे शिष्याला सांगण्याचे साधन मात्र त्याला मिळते.

या मुलांच्या वयाविषयीही बोलले पाहिजे. बालमजुरीविषयक १९८६ च्या कायद्याच्या अनुसूचीत मोटार गॅरेजांचा समावेश पुढे झाला होता. २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास सर्वच व्यवसायांत मनाई झाली. कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या कामात शाळेच्या वेळेनंतर मदत करण्यासारखे मोजके अपवाद राहिले. त्यामागे कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अशोधित व अल्पशोधित खनिज तेले मानवात कर्करोगकारक ठरवली आहेत. वापरलेल्या इंजिन तेलात ज्वलनातून आलेली बहुचक्रीय हायड्रोकार्बने आणि झिजलेल्या धातूंचे कण असतात. गॅरेजमधला मुलगा ते तेल दिवसभर कोपरापर्यंत माखून घेतो आणि संध्याकाळी पेट्रोलने हात धुतो. त्यामुळे त्वचेचे नैसर्गिक आवरणही निघून जाते. हातमोजे आणि साबण यांचा खर्च अशा गॅरेजच्या हिशेबात बसवावाच लागेल.

थेंब जातो कुठे?

बंगळूर सुमारे ९०० मीटर उंचीवर, खडकाच्या पाठीवर वसलेले शहर आहे. त्याला मोठी नदी नाही. पावसाचे पाणी राजकालुवे नावाच्या जुन्या नाल्यांतून एका तलावातून दुसऱ्यात उतरत जाते. मॅजेस्टिकपासून निघणारा एक मोठा नाला शांतीनगर, कोरमंगला असा बेळंदूर तलावाकडे वाहतो. तेथून पाणी वर्तुर तलावमार्गे दक्षिण पिनाकिनीला मिळते. म्हणजे शहराच्या मध्यातील रस्त्यांवर साचलेले तेल पहिल्या वळवात धुतले गेले की त्याची वाट पूर्वेच्या तलावांकडे असते. ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण मुलांना काटकसर शिकवण्यासाठी वापरली जाते. तलावांच्या या नगरीत तिचा अर्थ वेगळाच निघतो. बेळंदूर तलावावरील फेसाला २०१५ मध्ये आग लागली, २०१७ व २०१८ मध्येही त्या परिसरात आगी लागल्या आणि ती दृश्ये जगभर पाहिली गेली. त्या तलावाच्या दुर्दशेचे मुख्य कारण शहराचे सांडपाणी आहे. गॅरेजांना त्यासाठी एकट्यांना आरोपी करणे अन्यायाचे ठरेल. पण तेलाचा पातळ थर पाण्यावर पसरून हवेतील प्राणवायू आत जाऊ देत नाही, हे शास्त्र लहान मात्रेलाही लागू पडते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार एका गॅलन वापरलेल्या तेलाने दहा लाख गॅलन गोडे पाणी दूषित होऊ शकते. सुमारे १०० किलोमीटरवरून, अर्धा किलोमीटर उंच उचलून कावेरीचे पाणी आणणाऱ्या आणि तरीही २०२४ च्या उन्हाळ्यात कूपनलिका आटल्यामुळे टँकरमागे धावलेल्या शहराला आपले जवळचे पाणी असे गमावणे परवडणारे नाही.

येथे एक विरोधाभास आहे. बोल्ट उघडून काढलेल्या जुन्या तेलाला बाजारभाव आहे. बोल्टमधून गळलेल्या तेलाला नाही. काढलेले तेल पिंपात जमते व भंगारवाला ते विकत नेतो. त्यातले काही अधिकृत शुद्धीकरण केंद्रांत जाते, काही भट्ट्यांत जळते, काही बांधकामावर सेंटरिंगच्या पत्र्यांना लावले जाते. २०१६ च्या घातक व अन्य कचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या तेलाची व्याख्या आणि त्यातील शिशासारख्या धातूंच्या मर्यादा दिल्या आहेत. २०२३ च्या दुरुस्तीने वंगण तेलाच्या उत्पादकांवर व आयातदारांवर १ एप्रिल २०२४ पासून विस्तारित उत्तरदायित्व आले. बाजारात विकलेल्या तेलाच्या ठरावीक, क्रमाने वाढणाऱ्या भागाएवढे वापरलेले तेल पुनर्प्रक्रियेला जाईल याची हमी त्यांनी द्यावयाची आहे. ही तरतूद स्वागतार्ह आहे. मात्र तिची साखळी मोठ्या सेवा केंद्रांपाशी सुरू होते. भट्टीवाला अधिकृत संकलकापेक्षा लिटरमागे दोन रुपये अधिक देऊ लागला, तर लहान गॅरेजचे पिंप कोणाच्या दारी जाईल हे सांगण्यास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही. भावातील तो फरक उत्पादकाच्या निधीतून भरून निघाला, तरच नियम गल्लीत पोहोचेल.

विजेच्या गाड्यांनी हा प्रश्न आपोआप मिटेल असे म्हणणारे भेटतात. रेवा ही विजेवरची छोटी मोटार २००१ मध्ये बंगळूरमध्येच आली होती आणि तिला इंजिन तेलाची गरज नव्हती, हे खरे. परंतु आज रस्त्यावर असलेल्या पेट्रोल व डिझेलच्या गाड्या पुढील दीड-दोन दशके धावणार आहेत, आणि म्हातारी गाडी अधिक गळते. त्या जसजशा हस्तांतरित होत कमी उत्पन्नाच्या मालकांकडे जातील, तसतशी दुरुस्ती लांबणीवर टाकण्याची प्रवृत्तीही वाढेल. आयुष्य संपलेल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये भंगार केंद्रांचे नियम झाले. गाडी कापण्यापूर्वी तिच्यातील सर्व द्रव काढून घेणे त्यांत बंधनकारक आहे. शिवाजीनगरच्या परंपरागत बाजाराला त्या चौकटीत कसे आणावयाचे हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय ठरेल.

सूक्ष्म व लघु उद्योगांच्या समूह विकास कार्यक्रमात सामायिक सुविधा केंद्रांची तरतूद आहे. फाउंड्री आणि यंत्रमाग यांच्यासाठी ती वापरली गेली. गॅरेजांच्या गल्लीलाही ती लागू करता येईल. दर पन्नास गॅरेजांमागे एक छोटे केंद्र, तेथे भाड्याने मिळणारे टॉर्क पाने, आटे पाडण्याचा संच, सर्व मापांच्या वायसरींची पेटी, तेलकट पाणी वेगळे करणारी साधी टाकी आणि अधिकृत संकलकाने उचलावयाचे पिंप. बंगळूरचा कारभार सप्टेंबर २०२५ पासून पाच महानगरपालिकांत विभागला गेला आहे. नाल्यांचा मार्ग त्यांच्या सीमा ओलांडून जातो. त्यामुळे एका पालिकेने आपल्या हद्दीत पिंपे ठेवली आणि वरच्या अंगाच्या पालिकेने ठेवली नाहीत, तर खर्च एकीचा आणि डाग दुसरीच्या तलावावर अशी स्थिती होईल. या केंद्रांचा निधी आणि तेल उचलण्याचे वेळापत्रक पाचही पालिकांवरील बृहद् बंगळूर प्राधिकरणाने ठरवावे, आणि पिंप भरल्याची नोंद गॅरेजमालकाने नव्हे तर उचलणाऱ्या संकलकाने करावी.